आटलेले कांबळे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील महिला-सत्रात केलेले भाषण, थोड्या विस्ताराने)



चिटणीसांचे पत्र आले त्यात भगिनींना घरी उपयोगी पडेल अशा विषयावर अर्धा तास बोलावे, अशी सूचना होती. मी विद्वान वक्ता नव्हे. १९७४ साली जुन्या अकरावीची शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालो, पुढे अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकवले, एवढेच माझे भांडवल. आपली ज्ञाती कात्रीसुईची. परंतु माझ्या वडिलांची कात्री माझ्याकडे न येता माझ्या वडील बंधूंकडे गेली. ती का गेली, हेही या विषयात येणारच आहे. ते सांगण्यास दादांची अनुमती मी घेतली आहे. तेव्हा श्रीनामदेवरायांचे स्मरण करून, जुनी लोकरी कांबळी आटवून त्यांतून शिवणकाम कसे करावे, याविषयी दोन शब्द बोलतो.

कांबळे म्हणजे येथे मी गिरणीत विणलेले लोकरी ब्लँकेट धरतो. आपल्या बहुतेकांच्या घरी माळ्यावर किंवा पत्र्याच्या ट्रंकेत असे एखादे असतेच. कुणाच्या लष्करातील काकांनी आणलेले, कुणाच्या आजोळाहून आलेले. कानपूरच्या लाल इमलीची आणि पंजाबातील धारिवालची कांबळी एके काळी घरोघर नावाने ओळखली जात. आपल्या ठाण्यास १९२५ साली निघालेली रेमंडची गिरणी पुढे सुटाच्या कापडासाठी विख्यात झाली, पण प्रारंभी तिचे मुख्य उत्पादन जाडीभरडी कांबळी हेच होते. आता हलक्या वजनाच्या, रंगीबेरंगी, कृत्रिम धाग्याच्या रजया आल्या आणि ही जुनी कांबळी ट्रंकेच्या तळाशी गेली. तेथे त्यांना कसर लागते. एके दिवशी ट्रंक उघडावी तो कांबळ्याची चाळण झालेली असते. मग ते पायपुसण्यास जाते किंवा रद्दीवाल्याच्या काट्यावर.

आता एक जुना प्रसंग सांगतो. वर्ष १९६९. आमचे दुकान वाईस होते. थंडीच्या दिवसांत पाचगणीहून लोकरी कपड्याचे गिऱ्हाईक येई. एका गृहस्थांनी कोटासाठी अडीच मीटर उंची लोकरी कापड आणून दिले. लोकरी कापड बेतण्यापूर्वी त्याला पाणी दाखवावे लागते, हे आपणांस सांगावयास नको. आमचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, ते ओल्या फडक्याखाली हलक्या हाताने इस्त्री ठेवून ते काम करीत. त्या दिवशी त्यांना बाहेरगावी जावयाचे होते. जाताना ते मला म्हणाले, "एवढे कापड पाण्यातून काढून ठेव." मी तेव्हा बारा वर्षांचा. पाण्यातून काढावयाचे तर स्वच्छही करावे, अशा अधिक शहाणपणाने मी ते बंबातील कढत पाण्यात बुडवले, साबण लावला आणि धोतरासारखे आपटून-चोळून धुतले. वाळत घातले तेव्हा ते कापड नव्हतेच. हाताला एक जाड, मऊ, बोटभर पुठ्ठ्यासारखे काही तरी लागत होते, आणि लांबी-रुंदीत ते चांगलेच तुटले होते.

गिऱ्हाइकाला नव्वद रुपये भरून द्यावे लागले. आमच्या घरी ती दोन महिन्यांची शिल्लक होती, आणि ती दादांच्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी व पुस्तकांसाठी ठेवलेली होती. दादा त्या वर्षी शाळेतून निघाले आणि यंत्रावर बसले. केवळ त्या नव्वद रुपयांमुळे असे मी म्हणणार नाही. घरची ओढाताण आधीपासूनच होती. पण दादांच्या मनाने हिशेब तसाच मांडला, आणि मांडला तो चुकीचा होता असेही मला म्हणवत नाही.

आबांनी मला मारले नाही. ते आटलेले कापड त्यांनी दोन्ही हातांनी ताणून पाहिले, कडेला कात्री लावून पाहिली आणि म्हणाले, "सूत सुटत नाही." त्यातून त्यांनी माझ्या अंगाची एक बंडी आणि एक कानटोपी काढली. कडा दुमडल्या नाहीत, अस्तर लावले नाही. ती बंडी मी तीन हिवाळे वापरली. मला ती उबदार वाटे. दादांना ती रोज डोळ्यांसमोर दिसे.

सूत का सुटत नव्हते, हे मला पुढे अध्यापनाच्या काळात सामान्य विज्ञान शिकवताना कळले. लोकरीच्या प्रत्येक केसावर माशासारखी सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची तोंडे केसाच्या टोकाकडे असतात. गवताचे कुसळ धोतरात शिरले म्हणजे काय होते ते आठवा. आपण चालावे तसे ते पुढेच सरकते, मागे येत नाही. लोकर गरम पाण्याने भिजली, साबणाने निसरडी झाली आणि चोळली गेली, की एकेक केस असाच शेजारच्या केसांत पुढे पुढे शिरतो आणि तेथे अडकतो. ऊब, ओल, साबण आणि घासणे ही चारही एकत्र आली म्हणजे हे काम झपाट्याने होते. नुसत्या ओलीने फारसे काही होत नाही. मेंढ्या पावसात भिजतातच. आणि एकदा केस अडकले की ते सोडवण्याचा उपाय नाही. कापूस पाण्याने आटतो तो निराळ्या कारणाने व थोडाच. लोकर आटते ती विणीचे कापड मिटून जाऊन एकजीव थर होईपर्यंत. यालाच कुणी नमदा म्हणतो, कुणी फेल्ट. आपल्याकडील बुरणूस तर मुळी विणलेलाच नसतो. लोकर पसरून, भिजवून, दाबून-लाटूनच तो जमवतात.

ही क्रिया नवी नव्हे. युरोपात विणलेले लोकरी कापड मुद्दाम तुडवून घट्ट करणे हा मध्ययुगात स्वतंत्र धंदा होता. प्रथम ते पायांनी तुडवीत, पुढे पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे आले. इंग्रजांत फुलर, वॉकर आणि टकर ही जी आडनावे आपण ऐकतो ती तिन्ही याच धंद्याची आहेत; वॉकर म्हणजे कापडावर चालणारा. आडनावात धंदा सांभाळून ठेवण्याची रीत काही आपल्याच देशात नाही, हे ज्ञातीच्या व्यासपीठावरून सांगावयास मला मौज वाटते. आल्प्स पर्वतातील लोडेन नावाचे कापड याच जातीचे. थंडीपावसात त्याचे कोट पिढ्यान् पिढ्या वापरले गेले.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळतो.

पहिली गोष्ट, कांबळे खऱ्या लोकरीचे आहे का ते पाहावे. कडेचे एक सूत उपटून चिमट्यात धरून पेटवावे. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो, ज्योत काढून घेताच बहुधा ती विझते आणि मागे राहिलेली काळी राख बोटांनी चुरडली जाते. कृत्रिम धागा असेल तर तो वितळून कडक मणी बनतो. पानिपतला जुने लोकरी कपडे पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची स्वस्त कांबळी विणतात. गरिबाला त्यांचा मोठा आधार आहे, पण त्यांत कृत्रिम धागा मिसळलेला असतो. आटवू गेल्यास ती कुठे आटतात, कुठे नाही, आणि कापडाला पोपडे आल्यासारखे दिसते. ज्या लोकरीच्या वस्त्रावर "यंत्रात धुता येईल" असे छापलेले असते तिची खवलेच रसायनाने बोथट केलेली किंवा झाकलेली असतात. तिच्यामागे लागू नये. घोंगडी तर या कामी घेऊच नये, असे माझे मत आहे. तिची लोकर राठ, त्यावर चिंचोक्याची खळ, आणि मुख्य म्हणजे ती घोंगडी म्हणूनच जन्मभर चालते. तसेच कांबळे धड असेल तर त्याला कांबळेच राहू द्यावे. हल्ली हौसेने नवी कांबळी विकत आणून आटवतात असे ऐकतो. माझ्या मनाला ते पटत नाही. कसरीने खाल्लेले, मध्ये विरलेले, पांघरण्यास कामाचे न उरलेले कांबळे हाच आपला माल.

दुसरी गोष्ट, आधी तुकडा आटवून पाहावा. खराब कोपऱ्यातून बरोबर सहा इंचांचा चौरस कापावा, उभ्या धाग्याच्या बाजूला एक गाठ मारून खूण करावी, गरम पाण्यात साबणाने पंधरा-वीस मिनिटे चोळावा, पिळून वाळवावा आणि मग मोजावा. उभे आणि आडवे सारखे आटत नाही. त्यावरून साऱ्या कांबळ्याचा अंदाज बांधता येतो. बेतणे नेहमी आटल्यानंतर, आधी कधीही नाही. बारा वर्षांच्या मुलाने नव्वद रुपये देऊन विकत घेतलेले हे ज्ञान आहे.

तिसरी गोष्ट, कडेची साटीनची पट्टी, सुती टाके, नावाची चिठ्ठी हे सर्व आधी उसवून काढावे. ते आटत नाही, आणि मग कापड त्याच्याभोवती चुण्या धरते. धुलाईयंत्र असेल तर साठ अंश उष्णतेचे पाणी, थोडा साधा साबण, आणि कांबळ्याबरोबर घासण्यासाठी एखादी जुनी जीनची विजार, जिचा रंग जात नाही अशी. धुण्याचा सोडा नको, कारण तीव्र क्षाराने लोकर कुजते. कपडे पांढरे करण्याचे द्रावण तर मुळीच नको, त्यात लोकर चक्क विरघळते. कांबळे मोठ्या अभ्र्यात घालून तोंड बांधावे, नाही तर सुटणारी लव यंत्राच्या नळीत अडकते. यंत्र नसेल तर मोठ्या घमेल्यात सोसवेल तितके गरम पाणी घालून पायांनी तुडवावे. एका पाळीत न जमल्यास दुसरी, तिसरी. प्रत्येक पाळीनंतर काढून पाहावे. विणीचे धागे नजरेला दिसेनासे झाले आणि कात्रीच्या कडेला सूत सुटेना, की थांबावे. त्यापुढे गेल्यास कापड लाकडासारखे होते. शेवटी स्वच्छ पाण्यातून काढून, ओले असतानाच जमिनीवर पसरून, कडा हाताने ओढून सरळ कराव्यात. दोरीवर टाकल्यास ओल्या वजनाने ते वेडेवाकडे लोंबते. आणखी एक लाभ असा, की एवढ्या गरम पाण्यात कसरीची अळी आणि अंडी दोन्ही मरतात, आणि ज्वारीच्या दाण्याएवढी भोके आपोआप मिटतात. रुपयाएवढी मिटत नाहीत. ती बेतताना टाळावी लागतात.

शिवण्याचे जे सांगतो ते माझे नव्हे, आमच्या आक्कांचे. त्यांनी पन्नास वर्षे यंत्र चालवले आहे. कापड दुहेरी घालून बेतू नये. जाडीमुळे खालचा पदर सरकतो. एकेरी घालावे, खडूने आखावे, मोठ्या धारदार कात्रीने एका दमात कापावे. यंत्राला अठरा नंबरची सुई, टाका मोठा, इंचाला सात-आठ, आणि कापड दाबून धरणाऱ्या पायाचा स्क्रू थोडा सैल. कडा दुमडण्याची गरज नाही, किंबहुना दुमडूच नये. एका कडेवर दुसरी कड अर्धा इंच चढवावी आणि दोन टिपा माराव्यात. काजाला नुसता छेद देऊन भोवती एक टीप पुरते. गळ्याशी मात्र मऊ सुती पट्टी लावावी, लोकर टोचते. इस्त्री घासू नये. ओले फडके वर घालून "ठेव आणि उचल", असे आबा म्हणत. त्यांच्या इस्त्रीच्या टेबलावर अंथरलेले कांबळे वाफ आणि दाब सोसून सोसून इतके घट्ट झाले होते, की त्यावर पाण्याचा थेंब पडला तर तो कितीतरी वेळ तसाच उभा राही.

यातून काय करता येते, याची यादी मी देत बसत नाही. लहान मुलांची बंडी, कानटोपी, म्हाताऱ्या माणसांच्या सपातांतील तळवे, गरम पाण्याच्या पिशवीची खोळ, गरम भांडे धरावयाचे फडके. लोकर चटकन पेट घेत नाही म्हणून शेवटचे विशेष उपयोगी. पूजेचे आसन तर उत्तमच होते. जुन्या लोकांनी सोवळ्यात धाबळी चालवून घेतली आहे, तेव्हा लोकरीच्या शुद्धतेविषयी शंका नको.

आता मी हे सारे शिकलो ते कोणत्या निमित्ताने, ते सांगून पुरे करतो.

आबा २००३ साली गेले. शेवटच्या दुखण्यात ते ज्या करड्या कांबळ्याखाली होते ते आईने धुऊन ट्रंकेत ठेवले. २०१९ साली आई गेली आणि घराच्या वाटणीचा प्रश्न निघाला. काय बोलणे झाले ते सांगत नाही. प्रत्येक घरात होते तेच झाले. मात्र शेवटच्या बैठकीत दादा मला म्हणाले, "तुझ्या त्या एका बादलीने माझी शाळा गेली. तू मास्तर झालास, मी पायाने यंत्र हाणीत राहिलो." पन्नास वर्षांत हे वाक्य त्यांनी एकदाही उच्चारले नव्हते. त्यानंतर आमचा अबोला झाला. घर विकले गेले, पैसे तीन ठिकाणी झाले, आणि ट्रंकेतले कांबळे कुणी न्यावे यावर गाडे अडले. दादांनाही ते हवे होते, आक्कांनाही, आणि खरे सांगावयाचे तर मलाही. उघडून पाहिले तो कसरीने मधोमध मोठे खिंडार पाडलेले. तसेच तीन तुकडे केले असते तर तिन्ही उसवून गेले असते.

आक्का म्हणाल्या, "आटव. तुला येते ते."

भगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. फसले तर परत करण्याचा मार्ग नाही, हे या सभेत माझ्याइतके कुणाला ठाऊक असेल? तुकडा आटवून पाहिला. सहा इंचांचा उभा पावणेपाच आणि आडवा पाच झाला. पुण्यास आक्कांच्या सूनबाईंचे धुलाईयंत्र मागून घेतले. एवढे मळकट धूड पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली, आणि ती रास्तच होती. यंत्राच्या काचेपुढे मी पाट घेऊन बसून राहिलो. तीन पाळ्या झाल्या. नव्वद इंच लांब आणि साठ इंच रुंद असलेले कांबळे सत्तर आणि पन्नासवर आले, म्हणजे क्षेत्राचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग आटला. खिंडारही आटून लहान झाले होते. ते तिघांच्याही वाटणीत येणार नाही असे आक्कांनी बेतले.

आक्कांनी स्वतःला आसन केले. माझ्या वाट्यातून माझ्या नातीचा छोटा कोट झाला. दादांसाठी जाकीट करावयाचे ठरले, पण माप कसे घ्यावयाचे? फोन केला तर ते घेत नव्हते. तेव्हा आबांची मापांची जुनी वही काढली. तीत दादांचे तिशीतले माप आबांच्या हातचे होते. वयाप्रमाणे पोटाला आक्कांनी चार इंच वाढवले, उंची तशीच ठेवली, आणि जाकीट कागदात गुंडाळून भाच्याच्या हाती पाठवून दिले.

आठ दिवस काहीच नाही. नवव्या दिवशी सकाळी फोन वाजला. नमस्कार नाही, विचारपूस नाही. दादा म्हणाले, "पोटाला वाढवलेस आणि मुंढा तसाच ठेवलास. अर्धा इंच कमी पडतो आहे. आबांनी अशी चूक कधी केली असती का?"

मी म्हटले, "जाकीट पाठवून द्या, आक्का कापून देतील."

"आक्का कशाला? सूत सुटत नाही त्याचे. मला आता बारीक दिसत नाही, खडूने आखून मी देतो. कात्री घेऊन तू ये."

मी दुपारच्या एस. टी.ने निघालो.